पाठीवरच्या चुण्या

सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, ही म्हण मला तोंडावर ऐकवणारे रिसोडात काही कमी नव्हते. शिंपी कापड चोरतो म्हणून तो बदनाम. आता डोळे अधू झाले, सुईत दोरा ओवता येत नाही, दुकान पुतण्याकडे दिलं, तेव्हा लपवायचं काय? चोरलं मी कापड. कातरण चोरलं, कधी पाव वार छीट चोरली, माझ्या पोरींची टोपडी गिऱ्हाइकांच्या कापडाचीच होती. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. ज्या कामाचं वाटतं त्यात मी एक दोराही चोरला नव्हता. उलट पदरचं अस्तर घातलं होतं.

संपादकांचा निरोप असा, की दिवाळीचा अंक आहे, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेतच. त्यातली एक आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं सांगायला मी मोकळा.

एका देशमुखांच्या सुनेनं वाशिमला कुण्या साहेबाची मडम पाहिली. मडमेच्या झग्याला खांद्यावर मोठाले फुगे होते म्हणे. बाईंनी दिराकरवी निरोप धाडला, की मला तसंच पोलकं पाहिजे. मी काही मडम पाहिली नव्हती. दिरानं हवेत हात फिरवून दाखवला तेवढा फुगा मी शिवला, आत मांजरपाटाची कडक पट्टी घालून. दुसऱ्या दिवशी देशमुखांची म्हातारी आई बैलांची दमणी जुंपून दुकानासमोर हजर. पोलकं माझ्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाली, या एका बाहीत पायलीभर जवारी मावते, मी भरून पाह्यली. खरंच भरून पाहिली होती. चुण्यांत दाणे अडकलेले होते. मला हसू आवरेना. म्हातारी आधी रागावली, मग तीही हसली, आणि जाताना आवाज खाली घेऊन म्हणाली, निम्मा फुगा काढ, अन् उरलेल्या कापडाची झालर माया पोलक्याले लाव. सत्तरीची बाई! मी चाटच पडलो.

आता फुगा, चुण्या, झालर हे काय प्रकरण आहे ते शिवणकाम न करणाऱ्याला थोडं सांगावं लागेल. कापड सपाट असतं, माणूस सपाट नसतो. सपाट कापड माणसावर बसवायचं तर एकतर कापून जोडावं लागतं, नाहीतर दुमडून, ओढून गोळा करावं लागतं. कापून जोडणं कोणीही शिकतो. गोळा करण्यात शिंप्याची परीक्षा. कापडात धावदोरा घालायचा आणि दोऱ्याचं टोक ओढायचं, की कापड जवळ जवळ येऊन उभं राहतं. त्या चुण्या. कापडाची बारीक सरळ घडी घालून तिच्या कडेनं टीप मारली की ती दुमड. बाहीच्या वरच्या तोंडाला चुण्या भरल्या की झाला फुगा, आणि चुण्यांची पट्टी गळ्याला सोडली की झाली झालर. लहान पोरींच्या परकराला आम्ही खाली चार-पाच आडव्या दुमडी घालायचो. पोरगी वाढली की आई वर्षाला एक दुमड उसवायची. दिसायला शोभा आणि परकर वाढत्या अंगाचा.

पण चुण्यांचा खरा उपयोग वेगळा. चुण्या झाकतात. पोट, बाळंतपण, हाडकुळेपणा, एक खांदा वर असणं, सगळं चुण्यांत जातं. जिथं काही नाही तिथं आहे असं दाखवतात, आणि जिथं नको ते आहे तिथं नाही असं दाखवतात. नजर कुठं थांबावी आणि कुठून घसरून जावी हे चुण्या घालणारा शिंपी ठरवतो. हे मला पुरतं जमायचं. बढाई म्हणा हवं तर.

दुसरी गोष्ट मापाची. आमच्याकडे बाईच्या अंगाला शिंप्यानं टेप लावायची नाही. मापाला घरून तिचं एखादं जुनं पोलकं यायचं, गडी नाहीतर भाऊ आणून द्यायचा. मी तीस-पस्तीस वर्षं या भागातल्या बायकांची पोलकी शिवली, आणि त्यातली कोणी रस्त्यात समोरून आली असती तर मी ओळखली नसती. पोलकं मात्र ओळखायचो. कोपर कुठं फाटलं, काखेत रंग कुठं उडाला, बटणं कोणत्या बाजूला ताणली, यावरून जात्यावर कोण बसते आणि पाणी कोण वाहते ते कळायचं. कोणाला दिवस गेले हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळायचं.

माझे उस्ताद करीमचाचा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कपडा सब बोल देता है, किसन. दर्जी ने नहीं बोलना." माप पोटात ठेवायचं. या घरचं माप त्या घरी गेलं की शिंप्याचं दुकान बसलं. चाचा वारले तरी मी तो नियम मोडला नाही. त्यात मला फार मोठेपणा वाटायचा.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. रिसोडपासून तीन कोसांवरच्या गावचे एक पाटील दुकानी आले. माणसं अजून आहेत म्हणून खरी नावं लिहीत नाही. त्यांना आबाजी म्हणू. त्यांनी मोठ्या मुलीचं, गोदाचं, मापाचं पोलकं आणलं आणि गुलाबी वायलचं नवं कापड आणलं. पंधरा दिवसांनी पाहुणे मुलगी पाहायला येणार, त्या दिवसासाठी पोलकं. ते गेल्यावर मी मापाचं पोलकं फळीवर पसरलं, आणि ते पसरेना. एक बाजू सपाट केली की दुसरी उचलायची. डावा खांदा उजव्याहून तीन बोटं वर. पाठीवर डाव्या अंगाला कापड वाटीएवढं फुगलेलं आणि झिजून जाळी झालेलं. मी हात मागं घेतला. पोलक्यात कोणी बसलं आहे असं वाटलं मला.

आबाजी पुन्हा आले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, धुऊन आखडलं असेल. धुऊन आखडलेलं पोलकं दोन्ही बाजूंनी आखडतं, पण मी काही बोललो नाही. बाजाराच्या दिवशी गोदाची आई आली आणि दुकानाच्या पायरीवर टेकली. तिनं सरळ सांगितलं. पाच वर्षांची असताना पोर घराच्या धाब्यावरून, मातीच्या छपरावरून, खाली पडली. हाड कसंतरी जुळलं आणि पाठ तशीच राहिली. आता सोळावं लागलं होतं. त्या काळी सोळा म्हणजे घोडनवरी. चार ठिकाणची माणसं पाहून, पोहे खाऊन, हात पुसून गेली होती. आणि हे जे पाहुणे येणार होते त्यांच्याकडे मुलगी लुगड्यात पाहत नाहीत. पदराखाली व्यंग झाकलं जातं म्हणून परकर-पोलक्यातच दाखवावी लागते.

"भाऊ, येक दिवस," ती म्हणाली. "येक दिवस पोट्टी सरळ दिसली पाह्यजे. मंग मायं मी पाहून घेईन."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला, तोही असा की त्या दिवशी मी जेवायला घरी गेलो नाही. असं काम कोणी माझ्याकडे आणलं नव्हतं.

मी गोणपाट शिवलं, त्यात रुई ठासली आणि मापाच्या पोलक्यावरून एक धड उभं केलं, वरच्या खांद्यासकट, पाठीवरच्या उंचवट्यासकट. मुलगी पाहायची नाही, हात लावायचा नाही, मग दुसरं काय करणार? त्या रुईच्या गोदावर मी दहा दिवस कापड बसवलं. पुढच्या अंगाला दोन्हीकडे सात-सात दुमडी घातल्या. उजवीकडच्या उथळ, डावीकडच्या खोल. समोरून मोजल्या तर सारख्या, पण डावीकडचं कापड त्या खाली ओढून धरायच्या. उजव्या खांद्याला आत अस्तराचे चार पदर टाचले. उजवा फुगा मोठा, डावा बारका, म्हणजे नजरेला दोन्ही खांदे एका रेषेत. आणि पाठीवर, खरं काम पाठीवर. मानेखाली आडवी पट्टी घेऊन तिच्यात वायल दाट चुण्यांनी भरली. पट्टीपासून कंबरेपर्यंत कापड असं सुटत होतं, की पाठ नेमकी कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते देवालाही सांगता आलं नसतं. आत मऊ अस्तर, त्यामुळे अंगाला किंवा हाताला चुणी लागायची नाही. पूर्ण झालं तेव्हा मी तीन पावलं मागं सरलो आणि माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसला नाही. रुईचं कुबडं धड सरळ उभं होतं.

ह्याच दहा दिवसांत एक काका-पुतणे कोट शिवायला आले. जऊळक्याकडचे. पुतण्या बाविशीचा, नाकी-डोळी चांगला. पुरुषाचं माप घेताना हात लागतो. टेप छातीभोवती नेली तर फासळ्या मोजता आल्या, आणि सदऱ्यातून अंगाची कढत धग हाताला लागली. तो खोकला आणि गडद लाल रुमालानं तोंड पुसलं. मी चहा मागवला. काकांनी पुतण्याचा चहा मातीच्या वाटीत ओतून दिला आणि पिऊन झाल्यावर वाटी रस्त्यावर फोडली. जऊळका सोडा, वाशिमचेही शिंपी सोडून हे इतक्या दूर का आले, ते मला तेव्हा कळलं.

काकांनी कोटाला छातीत आणि खांद्यात रुई भरायला सांगितली. थंडीचे दिवस आहेत म्हणाले. रुई भरून वर उभ्या टिपा मारायच्या, म्हणजे ती सरकत नाही आणि छाती भरदार दिसते. हेही झाकायचंच काम. काका तंबाखू आणायला खाली उतरले तेव्हा तो पोरगा मला म्हणाला, "भाऊ, रुई जास्त नका भरू. मले दम लागते."

मी मान हलवली. काका परत आले. कोट कधी पाहिजे विचारलं तर म्हणाले, सोमवारच्या आत, सोमवारी मुलगी पाहायला जायचं आहे. कुठली मुलगी, मी सहज विचारलं. त्यांनी आबाजींच्या गावचं नाव घेतलं. मग आबाजींचं घेतलं.

दुकान ते केवढं! त्या पोरापासून दोन हातांवर, चादरीखाली, गोदाचं पोलकं रुईच्या धडावर उभं होतं. मी एकाच कातरीनं त्या दोघांना एकमेकांपासून झाकत होतो, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मापाचा कागद हातात तसाच राहिला. काकांनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हणालो, काही नाही, टेप जुनी झाली.

दोन दिवस मी कामाला हात लावला नाही. क्षय म्हणजे त्या काळी दुसरं काही नव्हतं. माणूस वर्ष काढेल, दोन काढेल. चाचांचा नियम एकीकडे आणि ती न पाहिलेली पोर दुसरीकडे. शेवटी गोदाची आई बाजाराला आली तेव्हा मी नियम मोडला. तिला दुकानात आत बोलावलं आणि म्हणालो, वहिनी, मी बोलू नये ते बोलतो, त्या मुलाला छातीचा रोग आहे, पोर देऊ नका. मला वाटलं ती डोक्याला हात लावून बसेल.

तिनं पदर सारखा केला. म्हणाली, "माहीत हाय, भाऊ."

तिनं मग एकेक सांगितलं, आवाज न चढवता. मध्यस्थानं आबाजींच्या कानावर सगळं घातलं होतं. मुलगा दोन-तीन वर्षांचा सोबती, हे घरात ठाऊक होतं. पण गोदाच्या पाठची धाकटी चौदाची झाली होती. थोरली घरात असताना धाकटीला कोणी मागणी घालत नाही. थोरलीचं काय आहे म्हणून विचारतात, आणि घरच सोडतात.

"येकदा कुंकू लागू द्या," ती म्हणाली. "मंग वापस आली तरी लग्न झालेली म्हून येईन. बिनलग्नाची बसली तं दोघीही बसतीन."

आणि गोदाला हे माहीत आहे का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पायरी उतरून गेली. आई असं बोलू शकते यानं मी हादरून गेलो होतो. ती वाईट बाई नव्हती.

सोमवारी सकाळी आबाजींची दमणी दुकानाशी आली. पोलकं घातलं तर उजवा फुगा लोंबतो आहे, सुई-दोरा घेऊन चला. मी गेलो. ओसरीत मला चटई टाकली. गोदा अंधाऱ्या माजघरात दाराआड, पोलकं आईच्या हातून आत-बाहेर. फुग्याला दोन टाके घालायचे होते, ते घातले. तेवढ्यात पाहुणे वेशीशी आल्याची वर्दी आली. आबाजी सामोरे गेले, आई चुलीकडे धावली. ओसरीत मी एकटा आणि मांडीवर पोलकं.

दाराच्या फटीतून आवाज आला. "शिंपीभाऊ, पाठीवरच्या चुण्या उसवा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी काय म्हणून विचारलं.

"उसवा. पाठ दिसू द्या त्याईले. थे नाही म्हनतीन अन् चालले जातीन. थो जगत नाही. माय मले सांगत नाही, पन मले समदं आयकू येते."

मी कसंबसं म्हणालो, की मग तूच ओढ ना दोरा. ती म्हणाली, मी उसवलं तर मला झोडपतील. तुम्ही फिटिंग करत आहात, तुम्हाला कोण विचारतो? सोळा वर्षांच्या पोरीनं किती विचार करून ठेवला होता! इतकी वर्षं पोलकी माझ्याशी बोलत होती, पोलक्यातलं माणूस पहिल्यांदा बोललं होतं.

काम अर्ध्या मिनिटाचं. पट्टीखाली दोन गाठी, त्या कापायच्या आणि दोरा ओढायचा. मी कातर हातात घेतली. घेतली होती, हे देवाशपथ सांगतो. पोलकं उलटं केलं, गाठ चिमटीत धरली. आणि मग गळ्याच्या झालरीचा एक लोंबता दोरा होता तो कापला, कातरीचा आवाज तिच्यापर्यंत जाईल इतपत जोरानं. म्हणालो, झालं. तिनं फटीतून हात काढला, काचेच्या बांगड्यांचा बारीक हात, आणि पोलकं आत ओढून घेतलं.

असं मी का केलं? आबाजींची भीती वाटली, धाकटीचं वाटोळं होईल असं वाटलं, चाचांचा नियम आठवला, असं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यातलं काही खरं नाही. ते पोलकं मी रुईवर पाहिलं होतं, माणसावर नाही. मला ते चालताना पाहायचं होतं. बस, एवढंच. हे लिहितानाही माझी मला शिसारी येते.

पाहुणे बसले. काका, आणखी दोघं, आणि भरदार छातीचा कोट घालून तो पोरगा. गोदा पानाचं तबक घेऊन आली. ती मान खाली घालून आली नाही. तबक ठेवलं आणि पाहुण्यांकडे पाठ केली. मुद्दाम केली, गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. उघडी पाठ दाखवावी तशी तिनं ती दाखवली. आणि पाठ सरळ होती. गुलाबी वायल खांद्यापासून कंबरेपर्यंत एकसारखी पडली होती, कुठं खोच नाही, कुठं उंचवटा नाही. आयुष्यात मी याहून चांगलं काम केलं नाही. काकांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या म्हणाला, पसंत आहे.

गोदा गर्रकन वळली. तिनं त्या पोराच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. तेव्हाच्या मुली असं पाहत नसत. तिचे डोळे मोठे झाले होते आणि ओठ उघडे राहिले होते. याला माझी पाठ दिसली आणि तरी हा हो म्हणाला, असं तिला वाटलं होतं. ते मला तिथं बसल्या जागी कळलं. मी हे धरलंच नव्हतं. मी फार तर असं धरलं होतं, की ती मला शिव्या देईल. तिनं आत जाताना माझ्याकडे वळून पाहिलं आणि जरासं हात जोडल्यासारखं केलं.

आईनं तिला आत नेऊन पोलकं लगेच उतरवलं आणि पेटीत टाकून कुलूप घातलं. गुणाचं पोलकं ठरलं, म्हणून धाकटीसाठी ठेवलं. लग्न पंधरवड्यात उरकलं. सासरच्यांना पुढं पाठ दिसलीच असेल, पण क्षयाच्या मुलाला दुसरी कोण देणार, म्हणून कोणी ब्र काढला नाही. वर्षभरानं तेच पोलकं माझ्याकडे आलं, धाकटीच्या अंगाचं करून द्या म्हणून. तेव्हा पाठीवरच्या चुण्या मी उसवल्या. गाठ कापली, दोरा ओढला, सर्रकन निघाल्या. मशीनवर डोकं टेकून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. धाकटीला चांगलं घर मिळालं. आईचं म्हणणं खरं ठरलं.

गोदाचा नवरा अडीच वर्षं जगला. तिकडून येणारे लोक सांगत ते ऐकून माणसं थक्क व्हायची. घरचे त्याच्या खोलीत पाय टाकत नव्हते, ताट उंबऱ्यातून सरकवायचे. ही त्याच्या उशाशी बसून असायची. त्याची थुंकी काढली, भांडी उकळली, उठता येईना तेव्हा स्वतःच्या पाठीला टेकवून बसवायची. परक्या घरच्या पोरीनं एवढं केलं, आम्ही कोणी केलं नाही, असं काका स्वतः माझ्या दुकानात बसून बोलले. लोक वाहवा करायचे आणि मी मशीन जोरात चालवायचो. तो गेल्यावर ती माहेरी आली.

लढाईपायी कापडावर सरकारी कंट्रोल आला, त्या दिवसांत ती एकदा दुकानी आली. तेव्हा कापड मिळत नव्हतं. चुण्यांना दुप्पट कापड लागतं, म्हणून त्या कामाला कोणी विचारेना, मी फाटक्या धोतरांच्या बंड्या शिवत होतो. ती पायरी चढून आत आली. कपाळ मोकळं, अंगावर पांढुरकं लुगडं, आणि पदराखाली डावा खांदा वर. तिच्या हातात कापड नव्हतं. मी ओळख विचारायच्या आत तिनं बापाचं नाव सांगितलं आणि खाली बसली.

तिनं इकडचं तिकडचं काही काढलं नाही. म्हणाली, "येक इचाराले आली. थे जायच्या आधी मले म्हणाले, गोदा, पाह्याच्या दिवशी तुयी पाठ मले दिसलीच नाही, सरळ दिसली. मी म्हटलं, असं कसं होईन, म्या तं उसवून घेतलं होतं. मंग थे काही बोलले नाहीत. तवापासून डोक्यातून जात नाही. तुमी किती चुण्या उसवल्या होत्या?"

मी सुई टोचून ठेवली. तिनंच पुढं सांगितलं, की लग्नाला ती रडत उभी राहिली नाही ते याच एका गोष्टीपायी. ज्यानं पाठ पाहून हो म्हटलं त्याला टाकायचं कसं, असं तिनं रोज स्वतःला सांगितलं होतं. अडीच वर्षं त्याचं जे केलं ते त्यावर केलं होतं.

"समद्या," मी म्हणालो.

मग तिचं तोंड सैल झालं. "म्हंजे त्याईनं पाह्यलं होतं. मले बरं वाटावं म्हून थे तसं म्हणाले असतीन," ती म्हणाली, आणि हसली. कित्येक दिवसांत हसली नसावी, गालाला ते जड जात होतं. मला नमस्कार करून ती बाजारात निघून गेली. मी दुकानाची फळी लावून घेतली. त्या दिवशी मला कोणाचंही माप घेता आलं नसतं.

हे मी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. संपादकांनी गमती मागितल्या आणि मी हे लिहीत बसलो. गोदाबाईला अक्षर येत नाही. तेवढं मी दोन माणसांकडून पक्कं विचारून घेतलं आणि मगच दौत काढली.

लिहून झाल्यावर परवा तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा माझ्या पुतण्याकडे बंडीचं माप द्यायला आला. त्याची मुलगी शाळेसाठी आजोळी राहते, चौथीत आहे. फार हुशार पोरगी म्हणाला, वर्तमानपत्र म्हणा, दिवाळी अंक म्हणा, हाती लागेल ते गोदामावशीला मोठ्यानं वाचून दाखवते. कागद दोन दिवस तसेच फळीवर ठेवले, एकदा चुलीपर्यंतही नेले. आज पाकिटात घालून टपालात टाकतो आहे.